ती चार वर्षं रूपालीकडे आहेत

माझ्या आजारपणाचा पहिला दिवस मला माहीत नाही. तो मला सांगितलेला आहे.

मी म्हणे सकाळी चुलीपुढे बसले होते. भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची राहिली. करपल्याचा वास आला म्हणून माझी धाकटी जाऊ रूपाली आत आली, तर मी तव्याकडे टक लावून बसलेली. अंग तव्यासारखंच तापलेलं. तिनं हाक मारली तेव्हा मी तिला विचारलं, "तू कोणाची गं?" मग झटके आले, मला गाडीत घातलं आणि नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

हे सगळं रूपालीनं सांगितलं. म्हणजे माझ्या आजाराची सुरुवातसुद्धा तिच्याकडेच आहे.

मी चौथी शिकलेली बाई. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. पण पुढे एखाद्या बाईवर अशी वेळ आली आणि हे तिच्या हाती लागलं, तर तिला कळावं की तिला जे वाटतं ते दुसऱ्या कुणाला तरी वाटलेलं आहे. औषधांची नावं मी लिहीत नाही, ती डॉक्टर सांगतात. डॉक्टर सांगत नाहीत ते लिहिते. दुखण्यातून उठलेल्या बाईनं देवाचे आभार मानावेत असं सगळे म्हणतात. मी मानते. पण दिवसातला बराच वेळ मी नुसती जळत असते.

* * *

मेंदूला सूज आली होती. सूज उतरली, ताप उतरला, आणि उतरताना माझी मागची चार वर्षं घेऊन गेला.

दवाखान्यात रोज सकाळी नर्सबाई यायच्या. आधी ताप बघायच्या, मग विचारायच्या, "नाव काय? गाव कोणतं? साल कोणतं?" नाव मी बरोबर सांगायचे. गाव पुणतांब्याजवळचं, तेही बरोबर. साल चुकायचं. "मुलं किती?" म्हटलं की मी म्हणायचे, "एक. ओम. बालवाडीत जातो." त्या मान हलवून लिहून घ्यायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. मला वाटायचं, बरोबर आलं.

मग ओमला भेटायला आणलं. दारातून एक उंच मुलगा आत आला, पुढचे दोन दात मोठे आलेले, आणि लाजून माझ्या पायाशी उभा राहिला. त्याच्या हनुवटीवर खूण होती, पाळण्यातून पडला होता तेव्हाची. ती खूण बघून मी ओळखलं. पण माझ्या डोळ्यांसमोरचा ओम अजून नाक ओढणारा होता. मी त्याला जवळ घेतलं आणि आतून भीती वाटली, की हा मोठा होत होता तेव्हा मी कुठे होते?

ओमच्या पप्पांनी मग मोबाईलमध्ये एका लहान मुलीचा फोटो दाखवला. दोन शेंड्या, हातात बिस्कीट.

"ही कोण?" मी विचारलं.

ते खाली बघूनच म्हणाले, "आपली. ईश्वरी. ईशी म्हणतो आपन तिला."

मी फोटो पुष्कळ वेळ बघितला. मला काहीच झालं नाही. शेजारच्यांच्या मुलीचा फोटो बघावा तसं झालं. आईला असं होऊ नये. पण झालं, म्हणून लिहिते.

* * *

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्यापाशी बसल्या होत्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. तेवढ्यात एक तरणी, गोरी बाई डबा घेऊन आली. गळ्यात मंगळसूत्र, अंगावर चांगली साडी. आल्या आल्या माझ्या उशाशी बसली, माझे केस मागे सारले आणि म्हणाली, "ओळखलं का ताई?"

मी ओळखलं नाही. पण माझ्या नवऱ्यानं तिच्या हातातला डबा किती सहज घेतला ते मी बघितलं. ती पाणी आणायला गेली तशी मी आत्यांचा पदर ओढला.

"आत्या, ही कोन? यांनी दुसरी केली का?"

आत्यांना वाटलं असेल हळू बोलावं, पण त्यांचा आवाज लहानपणापासून शेताच्या बांधावरचा. "अगं ए येडे! दुसरी कशाची करतोय तो, त्याला एकच झेपना! धाकट्याची बायकू हाय ती. तुझी जाऊ. तूच पसंत केली तिला, तूच हळद लावली!"

सगळी खोली हसली. नर्सबाई हसल्या. ओमचे पप्पा लाजून बाहेर गेले. रूपाली पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि "काय झालं, काय झालं" विचारत राहिली. मी तोंडावर पदर घेतला. मला हसू आलं नाही. माझ्या दिरासाठी स्थळं बघणं चालू आहे, एवढंच मला आठवत होतं. आणि इथे जाऊ येऊन जुनी झाली होती. माझं घर माझ्या मागे भरलं होतं, आणि ते मीच भरलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

शेजारच्या खाटेवर तिसगावकडच्या एका बाईचा नवरा होता, अर्धं अंग गेलेला. ती बाई रात्रंदिवस त्याचं करायची आणि तोंडानं त्याला शिव्या द्यायची. माझ्यासाठी तिच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा काढून ठेवायची. मी एकदा तिच्यापुढे रडले तर म्हणाली, "विसरलीस त्यात काय रडती? मला ह्याचं सगळं आठवतंय. दारू आठवती, मार आठवतो. तरी पाठ पुसते त्याची. तुझं घे निम्मं अन् माझं दे निम्मं, बसू दोघी बदलून." मग भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. "खा. इसरनाऱ्यालाबी भूक लागती."

त्या दवाखान्यात मला सगळ्यात बरं तिच्यामुळे वाटलं.

* * *

डॉक्टरमॅडम शांत होत्या. घरी सोडताना त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आठवणी सगळ्या एका जागी नसतात. फार जुन्या लोणच्यासारख्या मुरलेल्या असतात, त्या टिकतात. अलीकडच्या कच्च्या, त्या आधी जातात. हाताला येणारं काम आणखी वेगळीकडे असतं, ते बहुतेक जात नाही. "काही परत येईल, काही येणार नाही. घरच्यांनी सांगत राहा, फोटो दाखवा. पण घाई करू नका." एवढं सांगून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

घरच्यांनी "सांगत राहा" एवढंच ऐकलं. आणि सांगायला कोणाला वेळ होता? रूपालीला.

* * *

आमच्याकडे एक म्हैस आहे, चांदी. कपाळावर पांढरा टिक्का. घोडेगावच्या बाजारातून न व्यालेली वगार आणली होती तेव्हा मीच तिला टेम्पोतून उतरवून घेतलं होतं. हे मला चांगलं आठवतं, कारण ते आधीचं आहे. चांदी पहिल्या वेतापासून माझ्याशिवाय कुणाच्या हाताला दूध देत नाही, असं घरी सगळे सांगत होते. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. माणसांचं राहू दे, म्हैस तरी माझी आहे.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आवाज ऐकून गोठ्यात गेले. चांदीच्या कासेशी मी बसले होते.

म्हणजे माझी साडी बसली होती. जांभळी, काठाला फाटलेली, गोठ्यातच नेसायची. आत रूपाली होती. आमच्याकडे असंच करतात. म्हैस एकीच्या हातावर गेली आणि ती बाई आजारी पडली, तर दुसरी तिची साडी नेसून धार काढायला बसते. म्हैस वासाला भुलते आणि पान्हा सोडते. मीही माझ्या सासूची साडी नेसून बसले होते, नवीन लग्न झालं तेव्हा. यात गैर काही नाही.

पण मी दारात उभी राहून बघितलं, तर चांदी डोळे मिटून रवंथ करत होती आणि दूध चरवीत वाजत होतं. आणि रूपालीच्या पाठीला टेकून ईशी उभी होती, त्याच फाटक्या पदराशी खेळत.

मी म्हटलं, "ऊठ. मी काढते."

"ताई, थकाल तुमी."

"ऊठ म्हटलं ना."

ती उठली. मी बसले. माझ्या हातांना सगळं येत होतं. कास धुणं, अंगठा कसा धरायचा, सगळं. मला तेवढ्यापुरतं रडू आलं. पण माझ्या अंगावर दवाखान्यातून येताना माहेरच्यांनी दिलेली कोरी साडी होती आणि अंगाला औषधांचा वास. चांदीनं मान वळवून मला हुंगलं, फुरफुरली आणि लाथ झाडली. चरवी आडवी झाली. दूध गेलं.

ईशी रडायला लागली आणि पळत जाऊन रूपालीला चिकटली.

रूपालीनं ती जांभळी साडी सोडली, परकरावरच उभी राहून माझ्या हातात दिली. "ही नेसा ताई. मग उभी राहील ती."

माझीच साडी. तिला आता रूपालीच्या तेलाचा वास येत होता. ती नेसून मी माझ्या म्हशीला फसवायचं होतं की मी रूपाली आहे.

मी साडी तिथंच टाकून आत गेले. त्या दिवशी जेवले नाही.

* * *

जाऊ एक, म्हैस दुसरी. मला जिचा हेवा वाटायचा अशी तिसरी बाई मोबाईलमध्ये होती.

दिराच्या लग्नाच्या व्हिडिओत एक बाई आहे. हिरवी साडी, अंबाड्यावर गजरा. ती रूपालीला हळद लावते आणि कुणीतरी काही बोललं म्हणून तोंड उघडून मोठ्यानं हसते. ती मी आहे. मी आयुष्यात अशी चारचौघांत हसलेली नाही. ओमचे पप्पा म्हणतात, "रूपाली आल्यापास्नं तू लई मोकळी झाल्तीस. स्कूटी शिकलीस. दोघी पुणतांब्याला बाजाराला जायच्या."

"मी? स्कूटी?"

"व्हय. एकदा दोघी गाडीसकट उसात गेल्ता."

ते हसले आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं. मला कळलं, त्यांना ती बाई हवी आहे. ती हसणारी, स्कूटीवाली. तिला मुलगी झाली, तिनं मुलीला पाजलं, तिचे दात आलेले बघितले आणि निघून गेली. माझ्या हातात तिची गोळ्यांची पिशवी राहिली. मी त्या बाईला समोर बघितलं असतं तर बोलले नसते तिच्याशी.

* * *

तरी मी रूपालीला विचारायचे. करणार काय? दुपारी दोघी लसूण सोलत बसलो की मी खाली बघून विचारायचे, "ईशी पहिलं काय बोलली?" ती सांगायची, "'माऊ' म्हनली. मांजर बघून. तुमाला राग आलता, आई का न्हाई म्हनली म्हनून." मी विचारायचे आणि ती सांगायची. बारसं, उष्टावण, जावळ. एकच गोष्ट मी पुनःपुन्हा विचारायचे आणि ती न कंटाळता सांगायची. मला तिच्या न कंटाळण्याचाही राग यायचा.

असं करता करता एक दिवस मला आठवलं. खरोखर आठवलं. ईशीचं बारसं. आमची पुढची खोली, दाराशी लावलेला पाळणा, झेंडूची माळ. मला आनंद झाला, पण कुणाला सांगितलं नाही, जपून ठेवलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. कोणीतरी नेहमीसारखं विचारलं, "आता आठवतं का गं काही?" आणि मी, जी कधी बोलत नाही, ती बोलले.

"ईशीचं बारसं आठवतं. पाळण्याला झेंडू होता. मी खाटेवर बसले होते, हिरव्या साडीत, कानाला फडकं बांधलेलं. तोंड उतरलेलं. बायका घुगऱ्या वाटत होत्या आणि माझ्या मांडीवर ईशी कुंची घालून निजली होती."

बायका "अगं बाई" म्हणाल्या. एकीनं डोळे पुसले. मी रूपालीकडे बघितलं. बघ, माझ्याकडेही आहे.

आत्या तिळगूळ वाटता वाटता थांबल्या. "पर तू सोताला कुठनं बघितलंस गं? तोंड उतरलेलं तुला कसं दिसलं?"

मी डोळे मिटून पुन्हा बघितलं. खोली दिसत होती ती स्वयंपाकघराच्या दारातून. खाटेवरची बाई लांब होती. मी तिच्या आत नव्हते. मी दारात उभी होते, हातात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन.

"दारात तर रूपी हुती," आत्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईच्या हातावर तिळगूळ ठेवला.

* * *

बायका गेल्यावर मी रूपालीला मोरीपाशी गाठलं. इतकं मी आयुष्यात कुणाला बोललेली नाही.

"मला आता काही सांगत जाऊ नको. माझ्या डोक्यातबी तूच येऊन बसलीस. माझी साडी घेतलीस, म्हैस घेतलीस, पोरगी घेतलीस. आठवायला गेले तर तिथंबी तूच."

ती भांडी घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"मी चोरलं का ताई तुमचं? तुमी नव्हता तवा कुनी बघायचं? म्हैस दूध देईना म्हनून नेसले साडी. मंग पोरगी निजंना. लई रडायची. तीच साडी नेसून घ्यायचे तिला, शेनाचा वास असू दे म्हनलं, आईचा तर हाय. तिनं तुमाला इसरू नये म्हनून नेसले. तुमीच इसरून आला."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिनं जीभ चावली. "चुकलं ताई."

चुकलं नव्हतं. मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसले. तिनं घासलेली भांडी मी विसळायला घेतली. तिचा राग कमी झाला की नाही मला माहीत नाही. माझा जळफळाट काही त्या पाण्याबरोबर वाहून गेला नाही. फक्त तिच्यावर ओरडायला आता जागा राहिली नव्हती.

* * *

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरमॅडमना एकटीनं विचारलं. ओमच्या पप्पांना बाहेर थांबवलं. मी म्हटलं, "मॅडम, मला आठवलं ते माझं नव्हतं, जावेचं होतं. मी वेडी झाले का?"

त्या म्हणाल्या, "नाही हो. सगळ्यांचंच होतं असं. ऐकलेलं पुन्हा पुन्हा ऐकलं की बघितल्यासारखं दिसतं. आठवण काही फोटो काढून ठेवलेली नसते. आपण दर वेळी नव्यानं करतो ती."

मला भाकरी आठवली. पीठ डब्यात तेच असतं, पण दर वेळी थापावी लागते, आणि दुसऱ्याच्या पिठाचीही होते.

मग मला खरं विचारायचं होतं ते मी विचारलं. "माझ्या मुलीचं लहानपण मला परत मिळेल का?"

"कदाचित नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मग कागद पुढे सारता सारता त्या सहज बोलल्या, "पण तिला तरी कुठे आठवणार आहे? तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं कुणालाच फारसं आठवत नाही. तुम्हाला आठवतं का तुमचं?"

येताना गाडीत मी तेच घोळवत होते. ईशीला तिचं बारसं आठवणार नाही. माऊ म्हटलेलं आठवणार नाही. रूपालीनं साडीत घेऊन निजवलेलंसुद्धा आठवणार नाही. ते माझ्याकडे नाही तसं तिच्याकडेही नाही. आणि तिला आठवायला लागणार आहे ते आता इथून पुढचं.

हा विचार चांगला नाही, मला कळतं. रूपालीनं केलेलं पुसलं जाणार म्हणून मला बरं वाटलं. पण बरं वाटलं.

* * *

ईशीला अंगणवाडीत घालायची होती. पहिल्या दिवशी रूपाली स्कूटी काढून तयार होती. मी म्हटलं, "आम्ही चालत जातो."

"ताई, चक्कर आली तर?"

"आली तर बसू."

आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "जाऊ दे गं तिला. रस्ता तिला म्हायती हाय, तो जुना हाय."

जाताना ईशी काकूसाठी रडली. मी ओढत नेलं. अंगणवाडीच्या दाराशीही रडली. मी बाहेर निंबाखाली बसून राहिले. सुटल्यावर ती बाहेर आली, इकडे तिकडे काकूला शोधलं आणि मग नाइलाजानं माझं बोट धरलं.

येताना पेरूची बाग लागते. कुंपणाबाहेर आलेल्या फांदीवर एक पिकलेला पेरू होता. मी इकडे तिकडे बघितलं आणि तोडला. ईशीचे डोळे मोठे झाले. मी एक घास घेतला आणि बाकीचा तिला देणार, तर तिनं बोट दाखवलं. पेरूच्या मधोमध अळी होती. अर्धी.

मी थू थू करून थुंकले, जीभ पदरानं पुसली, पुन्हा थुंकले. ईशी आधी घाबरली. मग हसायला लागली. इतकी हसली की रस्त्यातच फतकल मारून बसली. मीही बसले. मग मलाही हसू आलं, आणि मी तोंड उघडून मोठ्यानं हसले. रस्त्यावर कुणी नव्हतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. ईशी रूपालीच्या मांडीवर होती, नेहमीसारखी. भात खाता खाता तिला एकदम खुदकन हसू फुटलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आईनं अळी खाल्ली!"

"आँ?" ओम म्हणाला.

"कुठं? कधी गं?" रूपाली म्हणाली. "काय झालं ताई? मला न्हाई सांगितलं."

ईशी हसतच होती. तिनं मांडीवरून उतरून माझ्याकडे येऊन माझी जीभ बघायला तोंड उघडायला लावलं.

"सांगा की ताई," रूपाली म्हणाली.

मी तिच्या ताटात भाकरी वाढली आणि काही सांगितलं नाही.